कापलेली बाजू

या, टेका असे भिंतीला. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, मधेच उठायचं नाही. एका माणसाच्या रागाची गोष्ट सांगतो. सकाळी सव्वादहाला चढलेला राग दुपारी चारपर्यंत कुठे कुठे हिंडला आणि शेवटी कुणाच्या दारात जाऊन उभा राहिला, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, पळापळ नाही. सगळं त्याच्या डोक्यात घडलं, पण जे घडलं ते मारामारीपेक्षा कमी नव्हतं, हे तुम्हीच म्हणाल.

या माणसाला सगळे चौदाशे म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. एका मोठ्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर स्फटिक वाढवायची एक भट्टी होती, तिथे त्यांना खडे म्हणतात, आणि ती हा सांभाळायचा. त्या भट्टीत ज्या आकड्याला धातूचा रस व्हायचा तो चौदाशेच्या वर थोडासा, आणि याचं डोकंही त्याच आकड्याला फिरतं, असं कुणीतरी म्हणालं, ते चिकटलं. शाळा आठवीपर्यंत. पण हात असा, की वरच्या मजल्यावरचे डॉक्टर लोक खाली येऊन त्याच्या मागे हात बांधून उभे राहायचे. त्याला ते आवडायचं. आवडतं असं कधी दाखवलं नाही, उलट म्हणायचा, "उजेड सोडा, सावली पडतेय."

तर त्या दिवशी तो चौथ्या मजल्यावर चहाच्या यंत्रापाशी गेला. त्याच्या मजल्यावरचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून. नाहीतर तो वर जात नसे. तिथे एक पाहुणी उभी होती, दुसऱ्या कुठल्यातरी संस्थेतून आठवड्यासाठी आलेली, हसरी, गळ्यात ओळखपत्राची दोरी. तिनं त्याच्या छातीवरची पट्टी वाचली आणि तोंडभर हसली. "अय्या, भट्टी तुमचीच का? बरं झालं हो, तुम्ही लोकांनी त्या लेखाची दुरुस्ती छापलीत. आम्ही वर्षभर डोकं फोडत होतो, आमच्या खड्यात ते चुंबक काही सापडेना." चौदाशे म्हणाला, "कसली दुरुस्ती?" तिला वाटलं हा थट्टा करतोय. तिनं फोन काढला, बोटानं पान सरकवलं आणि वाचून दाखवलं, जसं एखाद्याला त्याच्याच लग्नाची पत्रिका वाचून दाखवावी: सदर चुंबकत्व हे स्फटिक वाढवताना शिरलेल्या मोकळ्या लोखंडाच्या अंशामुळे असावे. "होतं हो असं," ती म्हणाली. "वाढवताना थोडी घाण शिरतेच. आमच्याकडे तर काय काय शिरतं! म्हणून तर आता तुम्ही पण बाहेरूनच खडे मागवणार म्हणे. आज चारला मीटिंग आहे ना त्याचीच? ती खोली मोकळी होईल, कॉम्प्युटर येतील..." पुढे ती काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. हातातला कागदी कप त्यानं इतका दाबला की चहा मनगटावरून कोपरापर्यंत गेला. पोळलं. पोळलेलं त्याला जिन्यात कळलं, तिसऱ्या मजल्यावर.

वाढवताना. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर तो तेवढाच शब्द टाकत होता. वाढवताना, वाढवताना. अरे, कुणी वाढवलं? कुणाच्या बापानं वाढवलं? मी वाढवलं. म्हणजे घाण मी घातली. एकदा खाली येऊन विचारायचं तरी, बाबा रे, असं असं लिहितोय. दुरुस्ती छापून चार महिने झाले होते. चार महिने सर, म्हणजे ज्यांच्या संशोधनासाठी हा खडे वाढवायचा आणि ज्यांच्या नावानं ते छापलं होतं ते, रोज सकाळी भट्टीच्या दारातून डोकावून "काय, कसं काय" म्हणत होते आणि हा "चाललंय" म्हणत होता. चार महिने जगात जिथे जिथे भट्ट्या आहेत तिथे तिथे लोक वाचत होते की याच्या मुशीत, रस करायच्या भांड्यात, घाण असते, आणि हा इथे मूस दिव्यासमोर धरून डाग शोधत होता! बायको डोळ्यात काजळ घालताना बघणार नाही एवढं बारीक. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, ती तशी एकदम नाही गेली. एकेक पायरी थांबत गेली, आणि तळमजल्यावर पोचली तेव्हा पूर्ण होती.

भट्टीच्या खोलीचं दार त्यानं लावून घेतलं. आत भट्टीचा आवाज होता, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, पण अठ्ठावीस वर्षांत तो आवाज त्याच्या अंगाचाच झाला होता. तुम्ही कधी खडा वाढताना पाहिलाय? नसणार. मुशीत अर्धं लोखंड, अर्धं सिलिकॉन, भोवती निवांत गॅस, कशातही न मिसळणारा, हवेचा एक कण नको. तापवत तापवत रस करायचा. मग वरून एक दांडी खाली आणायची, तिच्या टोकाला आधीच्या खड्याचा बारीक तुकडा, त्याला बी म्हणतात. बी रसाला नुसतं टेकवायचं. बुडवायचं नाही हं, टेकवायचं, झोपलेल्या पोराच्या कपाळाला ओठ टेकवतात तसं. आणि मग गोल फिरवत वर ओढायचं, तासाला दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर. रस बियाला धरून वर येतो आणि येता येता थिजतो, बियाच्याच वळणानं, एकेक अणू रांगेत. घाई केली की रांग मोडते. हात थरथरला की रांग मोडते. खिडकीतून बघत बसायचं, काळ्या काचेतून, आणि त्या पिवळ्या रसातून एक राखाडी बोट उगवत येतं. तो त्या वेळी कुणाशी बोलत नसे. राग नसे, भूक नसे. घरी कळायचं. बायको म्हणायची, "आज ओढताय वाटतं? चेहरा देवळातल्यासारखा झालाय." त्या बोटात घाण? त्या बोटात?

आणि हा खडा म्हणजे साधासुधा नव्हता. अर्धा लोखंडाचा, पण चुंबकाला फारशी दाद देत नाही. वीज थोडी जाऊ देतो, तापवला तर धातूसारखी जाऊ देतो, आणि थंड करत नेला की हळूहळू बंदच करतो. बर्फाहून थंड, त्याहून थंड, मग पार मुका. चुंबकाचीही तीच गत. उबेत असतो तेव्हा चुंबकाकडे जरा ओढ असते, थंडीत तीही जाते. हे सर्व त्याला सरांनीच समजावलं होतं, पहिल्याच वर्षी, जेव्हा सरांना केस होते आणि सरांना कुणी सर म्हणत नव्हतं. दोघंच होते खोलीत. भंगारातली एक भट्टी, तिची झडप यानं कानशीनं घासून बसवलेली. सर उकिडवे बसून खडूनं फरशीवर काढत होते. "हे बघ, साध्या धातूत विजेचे कण कसे, बाजारातली माणसं, जो तो आपला आपला चालतो. यात तसं नाही. यात प्रत्येक कण दुसऱ्याकडे बघून चालतो. एक हलला की शेजारच्याला जागा बदलावी लागते, त्याच्या शेजारच्यालाही. उबेत धक्काबुक्की करून वाट निघते. थंडीत सगळे एकमेकांना असे धरून बसतात की कुणालाच उठता येत नाही." यानं विचारलं होतं, "भांडून बसतात की प्रेमानं?" सर एवढे हसले की खडू मोडला. "ते कळलं ना, तर आपलं दोघांचं नाव होईल." आपलं दोघांचं, म्हणाले होते. हे आठवलं आणि चौदाशेनं स्टुलाला लाथ घातली. स्टूल गॅसच्या टाकीवर जाऊन आदळलं.

फोन वाजला. बायको. "अहो, येताना न्हाणीघरातला बल्ब आणाल का?"

"मी काय दुकान उघडून बसलोय इथे?"

ती म्हणाली, "कुणी काय म्हटलं तुम्हाला?"

"काही नाही म्हटलं."

"मग मला कशाला चावताय? तुमचं नेहमीचंच आहे, राग आधी पोचतो, कारण मागून चालत येतं. आलं की सांगा. आणि पिवळा नको, पांढरा आणा." आणि ठेवून दिला. त्याच्यावर फोन आपटणारी जगात एवढी एकच बाई.

कारण कशाला मागून येईल, कारण समोर होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या खड्याचा मोठा तुकडा वर गेला. थंड केला, चुंबकात धरला. सगळं शांत व्हायला हवं होतं तिथे काहीतरी शिल्लक राहिलं, मुक्या खड्यात कुणीतरी हूं म्हणालं. वर धावपळ. सरांचं छापून आलं, फोटो आला, लांबलांबून बोलावणी आली. खाली येऊन सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती, "तुझा खडा बोलला रे!" त्या दिवशी खडा याचा होता. आणि बोलला ते खोटं निघालं तेव्हा घाण याची. चौदाशे खोलीत येरझारा घालत होता, चार पावलं भट्टी, चार पावलं दार, आणि मनात एकेकाला समोर उभं करत होता. ती वरची पोरंपोरी, पीएचडीवाली. लोखंडाचे चिमटे वापरतात. हजारदा सांगितलं, पितळेचा वापरा, प्लास्टिकचा वापरा, लोखंडाच्या चिमट्यानं धरलं की त्याची पूड लागते. डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसते. "हो काका" म्हणतात आणि खिशातून तोच चिमटा काढतात, त्यानंच नखं कोरतात, त्यानंच खडा धरतात. हो काका! तुमच्या नखातली घाण माझ्या मुशीवर? त्याला वाटलं वर जावं, एकेकाचा खिसा उलटा करावा. सगळे चिमटे गोळा करून सरांच्या टेबलावर ओतावेत, खणखण. मीटिंगमध्ये. चार वाजता. तो आवाज त्यानं मनात दोनतीनदा वाजवून पाहिला. गोड वाटला.

पण नुसता आवाज ऐकून कोण मान हलवणार? पुरावा पाहिजे. आणि पुरावा होता. त्यानं कपाट उघडलं. त्या खड्याचा मोठा भाग वर गेला होता, पण मागे शेंगदाण्याएवढं थोटूक राहिलं होतं, तारीख घातलेल्या डबीत, कापसात, दोन वर्षं कुणी हात न लावलेलं. एकाच ओढीतलं, एकाच मुशीतलं. मूस घाणेरडी असेल तर यातही घाण असणार. आणि हे स्वच्छ निघालं, तर भट्टी स्वच्छ. चिमट्याची गोष्ट मग आपोआप. त्यानं पितळेच्या चिमट्यानं थोटूक उचललं, डबीत परत ठेवलं, डबी मुठीत घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर गेला. तेव्हा पावणेएक झाला होता.

तिथे मोजणीवाली बसते. सबंध इमारतीत तिचं एकटीचं काम चुंबकत्व मोजायचं. जाडजूड बाई, कायम स्वेटरात कारण खोली गार, आणि जीभ अशी की सर लोकही तिच्याकडे चिठ्ठी पाठवतात, स्वतः येत नाहीत. चौदाशेला ती दादा म्हणायची.

"दादा, डोळे का असे? कुणाचा जीव घेऊन आलात की घ्यायला चाललात?"

"हे मोज."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी गेली खड्ड्यात. मोज म्हणतो ना."

"अरे वा. मी पण अशीच बोलत असते तर दहा वर्षांपूर्वीच घरी बसले असते." पण तिनं डबी घेतली. तारीख वाचली, त्याच्याकडे पाहिलं आणि जेवणाचा डबा बाजूला सारला. तिला दुरुस्ती माहीत होती. सगळ्यांना माहीत होती. हे कळलं तेव्हा त्याला भिंतीला हात लावावासा वाटला.

दांडीच्या टोकाला थोटूक चिकटवून तिनं ते चुंबकाच्या दोन जबड्यांमधे सोडलं. यंत्र त्याला थरथरवतं, डोळ्याला दिसणार नाही असं, आणि बाजूच्या वेटोळ्यांना त्याची चाहूल लागते. चुंबक वाढवत नेतात, मग कमी करत आणतात, मग उलटा. पडद्यावर रेघ सरकते. खडा स्वच्छ असेल तर रेघ ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं परत येते, एकच सरळ काठी. लोखंडाची पूड असेल तर नाही येत. लोखंडाला सवय आहे, चुंबक काढून घेतला तरी थोडं धरून ठेवतं. जाताना एक वाट, येताना दुसरी, मधे पोट. मोजणीवाली म्हणायची, "डूख धरतं मेलं." रेघ गेली. तासभर दोघं पडद्याला डोळे लावून होती. रेघ परत यायला लागली आणि तिनं वाट सोडली. बारीक, पण सोडली. मधे पोट दिसायला लागलं, तांदळाच्या दाण्यासारखं.

चौदाशे बघत राहिला. तुम्हाला कसं सांगू? समजा तुम्ही शपथेवर सांगितलंय की माझ्या घरात साप नाही, आणि चादर उचलल्यावर शेपूट दिसलं. "परत मोज," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "यंत्र बिघडलंय तुझं. दांडी पूस. काय चिकटवलंयस त्याला, कुठला गोंद तो?" ती तशीच बसून होती. "यंत्र सकाळीच तपासलंय दादा." "तुझं यंत्र, तुझी खोली, तुम्ही सगळे वरचे एक!" "मी दुसऱ्या मजल्यावर बसते," ती म्हणाली, "आणि ओरडायचं असेल तर बाहेर, इथे गारवा जातो." मग जरा थांबून, खाली यंत्राकडे बघत, सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "याची कापलेली बाजू कुठली?"

"ही. एकच आहे. बाकी सगळं जन्माचं."

"धुतली होती का?"

तिनं हातमोजे चढवले, काचेच्या वाटीत ॲसिड ओतलं आणि थोटूक त्यात सोडलं. या खड्याचं एक आहे, ॲसिड त्याचं काही वाकडं करत नाही. सिलिकॉननं लोखंडाला असं कवटाळलेलं असतं की ॲसिडला आत शिरकाव नाही. मोकळं लोखंड मात्र विरघळतं. दहा मिनिटं. दोघं वाटीत बघत होती. कापलेल्या बाजूवरून दोनचार बुडबुडे सुटले, सुईच्या टोकाएवढे, आणि पाण्यासारखं ॲसिड अगदी किंचित, पांढऱ्या कागदावर धरलं तरच कळेल असं पिवळसर झालं. तिनं खडा धुतला, पुसला, परत दांडीला लावला. पुन्हा तासभर. रेघ गेली. रेघ आली. त्याच वाटेनं, काठीसारखी.

"घ्या," मोजणीवाली म्हणाली. "मूस स्वच्छ. वाढवताना काही शिरलं नाही. कापताना लागलं. पोलाद दिसतंय. कुणी कापला होता हा?"

आणि तेव्हा कारण मागून चालत आलं.

तो स्टुलावर बसला. दोन वर्षांपूर्वीची दुपार होती आणि तारेची करवत तुटली होती. असले खडे कापायला हिऱ्याची पूड लावलेली तार असते, हळू कापते, पोलादाचा संबंध नाही. तार यायला आठवडा. सर दारात उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. "मला आजच हवाय रे. उद्या थंड करायची पाळी आपली, मग दोन महिने नाही." आणि हा काय म्हणाला होता? हा म्हणाला होता, "करवत कशाला लागते? हात आहे ना." कारण याचे वडील धार लावणारे होते, चाकावर, दारोदार. घरात सगळ्याला लोखंडाची चव होती, पाण्याच्या हंड्याला, आईच्या हाताला, उशीच्या अभ्र्याला. वडिलांच्या बोटांच्या रेघांत काळी पूड कायमची मुरलेली. ते मेले तेव्हा न्हाऊ घातलं तरी गेली नाही. ते म्हणायचे, हाताला डोळा असतो, आणि याला वाटायचं की तो डोळा आपल्याला मिळालाय. त्यानं पातळ पोलादी पातं काढलं, तेलात हिऱ्याची पूड कालवली आणि मागेपुढे, मागेपुढे, दीड तास. सर बघत होते. मागे हात बांधून. उजेड सोडा, सावली पडतेय, म्हणाला होता तो सरांना. आणि काप असा सरळ आला होता की सरांच्या तोंडून शब्द फुटला नाही. खडा पोलादापेक्षा कडक. दगडावर सुरी घासली तर दगडावर सुरीच्या लोखंडाची रेघ उमटते, सुरीवर दगडाची नाही, हे धार लावणाऱ्याच्या पोराला कुणी शिकवायला पाहिजे का? सरांनी विचारलं होतं. हो, विचारलं होतं, अगदी हळू, "ॲसिडमधे घालायचा का एकदा?" आणि याचं डोकं तिथेच फिरलं होतं. माझ्या हातावर शंका? "पुसलाय मी. स्वच्छ आहे. माझा शब्द." सरांनी मग पुन्हा विचारलं नाही. शब्द घेतला, खडा घेतला आणि वर गेले.

दोन वर्षं हे त्याला आठवलं नव्हतं. म्हणजे काप आठवत होता, तो काप तर त्यानं किती जणांना सांगितला होता! ॲसिड आठवत नव्हतं. पोरांचे चिमटे आठवत होते. माणसाचं डोकं काय काय धुऊन ठेवतं बघा.

सव्वातीन झाले होते. तुम्हाला वाटेल आता राग उतरला असेल, लाज वाटली असेल, घरी गेला असेल. छे. लाज वाटली, पण रागाला तिनं हात नाही लावला. उलट राग आता सरळ झाला, काठीसारखा, कारण जिन्यात असताना त्याला एक गोष्ट लख्ख दिसली. सरांना माहीत होतं. सर तिथे उभे होते. सरांनी विचारलं होतं. वाढवताना हा शब्द सरांनी माहीत असून लिहिला होता.

सर आपल्या खोलीत कागद लावत होते, मीटिंगचे. चष्मा कपाळावर. हा आत गेला आणि दार लावलं.

"तुम्हाला माहीत होतं."

सरांनी कसलं म्हणून विचारलं नाही. चष्मा खाली घेतला. "बस."

"मी कापलं. मी धुतलं नाही. तुम्ही विचारलंत, मी शब्द दिला. मग वाढवताना कशाला लिहिलंत?"

"अरे, वाढवताना घाण शिरली तर तो कुणाचा दोष नसतो," सर म्हणाले. "सगळीकडे शिरते. लोक मान हलवतात आणि पुढे जातात. पोलादी पात्यानं कापला आणि न धुता दिला असं लिहिलं असतं तर... अरे, हसले असते. कुणी कापला म्हणून विचारलं असतं. निवृत्तीला तुझी चार वर्षं राहिली आहेत रे. मी म्हटलं, तुला कशाला त्यात."

"म्हणजे माझ्यावर दया केलीत."

"दया काय..."

"दयाच! माझा हात झाकलात आणि भट्टी उघडी पाडलीत. हाताचं काय, हात माझा आहे, हसू दे की लोकांना. अठ्ठावीस वर्षांत माझ्या मुशीत घाण नव्हती, सर. एकदाही नाही. तेवढं एकच होतं माझ्याकडे स्वच्छ, आणि तुम्ही मला वाचवायला तेच वापरलंत! मला विचारलंत? खाली रोज येत होतात. काय, कसं काय. एकदा तरी म्हणायचं होतंत, अरे गाढवा, तू कापलास आणि तू माती खाल्लीस."

सर खिडकीकडे बघत होते. म्हातारे दिसत होते, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि त्याचाही राग आला. "शब्द दिला होतास तू," सर अगदी हळू म्हणाले. "तुझा शब्द खोटा निघाला, असं माझ्या हातानं लिहवेना."

आता सांगा, अशा माणसावर ओरडायचं कसं? तो तसाच मागे वळला आणि समोरच्या मोठ्या खोलीत गेला, जिथे मीटिंगची माणसं खुर्च्या ओढत होती. सातआठ जण, दोन पाण्याचे जग. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. चहाची चौकशी करायला आलाय असं वाटून एकानं "चार कप" अशी बोटं दाखवली. चौदाशे टेबलाच्या टोकाशी उभा राहिला. मोजणीवालीनं दिलेले दोन कागद, एकावर पोट, एकावर काठी, त्यानं टेबलावर ठेवले.

"दोन वर्षांपूर्वीचा खडा मी पोलादी पात्यानं कापला. मीच. सरांनी धुवायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं. चुंबक त्या पात्याचं होतं. खडा स्वच्छ आहे. भट्टी बंद करायची तर खुशाल करा, जागा पाहिजे म्हणून करा. घाण आहे म्हणून करायची नाही."

मग एक जण हसला, वाईट नाही, तोंडातून निसटलं तसा. पोलादी पात्यानं, हो? दुसऱ्यानं कागद फिरवून बघितले. मुख्य साहेबांनी "नोंद घेतली" म्हटलं आणि पुढचा कागद उचलला. सर दारात उभे होते, आत आले नाहीत.

भट्टीचा निकाल त्या दिवशी लागला नाही. पुढच्या बैठकीवर गेला, नंतर त्याच्याही पुढच्या. अजून चालू आहे, खोलीबाहेर कॉम्प्युटरची खोकी रचून ठेवलेली आहेत आणि चौदाशे त्यांच्यामधून आडवा होऊन आत जातो. पात्याची गोष्ट मात्र इमारतभर झाली. पोरं आता त्याला बघून चिमटे लपवत नाहीत, एकीनं तर विचारलं, "काका, धुतलाय ना?" त्यानं तिला दार दाखवलं. सरांशी तो बोलतो, कामापुरतं. सर सकाळी डोकावतात. काय, कसं काय, असं विचारत नाहीत, नुसते उभे राहतात, सावली पाडून, आणि तो सरका म्हणत नाही. राग गेला का म्हणाल, तर नाही. तसाच आहे.

पण ती ओळ बदलली नाही हो. सरांनी लिहून पाठवलं होतं, खरं पाठवलं होतं. छापणाऱ्यांकडून उत्तर आलं की एकदा दुरुस्ती छापली आहे, दुरुस्तीची दुरुस्ती छापायची आमची पद्धत नाही. म्हणजे जिथे जिथे ते पान आहे तिथे तिथे अजून तेच, आणि आपण मेल्यावरही तेच राहणार. म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. तुमच्या ओळखीत असल्या कागदांमधे काम करणारं कुणी असेल, पोर, सून, शेजारी, कुणीही, तर त्यांना एवढं करायला सांगा. ते पान काढायचं आणि वाढवताना या शब्दावर काट मारायची. पेन्सिलीनं मारली तरी चालेल. वर लिहायचं, कापताना. आणि कुणाच्या हातानं असं कुणी विचारलं, तर लाजू नका, चौदाशेचं नाव सांगा. त्यानंच सांगा म्हटलंय.